साहेबांना माहीत होते काय?

कामगार चळवळीत तीस वर्षे घालविल्यावर आम्हांस दोन वाक्यांची चांगलीच ओळख झाली आहे. खालचा माणूस म्हणतो, "मला वरून हुकूम होता." वरचा म्हणतो, "मला काही माहीतच नव्हते." या दोन वाक्यांच्या फटीतून जबाबदारी निसटते आणि ज्याचे नुकसान झाले तो हात हलवीत घरी परततो. हा प्रकार केवळ कारखान्याच्या दारात घडतो असे नाही. नागरिकाचे हक्क हाताखालच्या सरकारी नोकराने तुडविले तर त्याच्या वरिष्ठाने कोर्टात उत्तर द्यावे काय, या प्रश्नाशी अमेरिकेतील न्यायालये गेली साठांहून अधिक वर्षे झगडत आहेत. आम्ही वकील नव्हे. आम्ही कायदा शिकलो तो कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून. तेव्हा हा विषय आम्ही आमच्याच पद्धतीने मांडणार.

प्रथम मूळ कायदा पाहू. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, गुलामगिरी गेली. परंतु दक्षिणेकडील राज्यांत कू क्लक्स क्लॅनच्या टोळ्या मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर अनन्वित अत्याचार करीत होत्या आणि कित्येक ठिकाणचे स्थानिक अधिकारी डोळ्यांवर कातडे ओढून बसले होते. म्हणून २० एप्रिल १८७१ रोजी अध्यक्ष ग्रँट यांनी एका कायद्यावर सही केली. त्यातील एक कलम आज 'कलम १९८३' या नावाने ओळखले जाते. त्याचा आशय असा, की राज्याच्या अधिकाराच्या आडून जो कोणी दुसऱ्याचे घटनादत्त हक्क हिरावील, अथवा ते हिरावले जाण्यास कारण होईल, त्याने भरपाई द्यावी. 'कारण होईल' हे शब्द लक्षात ठेवावेत. पुढील सारा वाद त्यांच्याभोवती फिरतो.

हे कलम पुढे बराच काळ जवळजवळ झोपून राहिले. ते जागे झाले १९६१ मध्ये. शिकागो शहरात २९ ऑक्टोबर १९५८ च्या पहाटे तेरा पोलीस एका कृष्णवर्णी कुटुंबाच्या घरात घुसले. आईबापांना विवस्त्र उभे केले, घर उलथेपालथे केले आणि बापाला ठाण्यावर नेऊन दहा तास डांबले. शेवटी कोणताही आरोप न ठेवता सोडून दिले. 'मन्रो विरुद्ध पेप' या नावाने गाजलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की पोलिसांवर दावा चालेल. शहरावर मात्र नाही.

मग वरच्यांचे काय? आपल्या नेहमीच्या व्यवहारात उत्तर सोपे आहे. कंपनीच्या ट्रक-ड्रायव्हरने कामावर असताना कोणाला उडविले, तर भरपाई कंपनीने द्यावी. मालक त्या वेळी घरी झोपला होता ही सबब चालत नाही. परंतु अमेरिकन न्यायालयांनी हे तत्त्व कलम १९८३ ला लावण्याचे नाकारले. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या पोलीस अत्याचारांचे प्रकरण आले. कनिष्ठ न्यायालयाने अनेक प्रसंग सिद्ध मानले होते. पण त्या प्रसंगांचा आणि महापौर व इतर वरिष्ठांच्या धोरणाचा प्रत्यक्ष दुवा दिसत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मोकळे केले.

१९७८ मध्ये मात्र एक दार उघडले, आणि ते नोकरदार स्त्रियांनी उघडले हे सांगताना आम्हांस विशेष समाधान वाटते. न्यूयॉर्क शहराच्या दोन खात्यांत गरोदर स्त्रियांना, वैद्यकीय गरज नसतानाही, बिनपगारी रजेवर जाण्यास भाग पाडीत असत. हे एखाद्या माणसाचे लहरी वर्तन नव्हते, ठरवून आखलेले धोरण होते. तेव्हा न्यायालयाने १९६१ चा आपला निर्णय फिरविला: हानी शहराच्या धोरणातून किंवा रूढ प्रथेतून झाली असेल तर शहर जबाबदार. १९८९ मध्ये आणखी एक पाऊल पडले. नोकरांना आवश्यक शिक्षणच दिले नाही, आणि ही हेळसांड नागरिकांच्या हक्कांविषयी जाणूनबुजून दाखविलेली बेपर्वाई ठरली, तरीही शहर जबाबदार.

व्यक्तिशः वरिष्ठ अधिकाऱ्यासाठी अपील न्यायालयांनी कसोट्या तयार केल्या. १९९४ च्या एका निवाड्यात तीन प्रश्न आढळतात. हाताखालचा माणूस लोकांना गंभीर धोका उत्पन्न करीत आहे हे वरिष्ठाला माहीत होते काय, किंवा माहीत असायला हवे होते काय? माहीत असून त्याने केलेला उपाय इतका अपुरा होता काय, की ती मूकसंमतीच ठरावी? आणि त्या स्वस्थ बसण्यातूनच हानी झाली काय?

२००९ मध्ये 'अ‍ॅशक्रॉफ्ट विरुद्ध इक्बाल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी हा मार्ग अरुंद केला. प्रत्येक अधिकारी केवळ स्वतःच्या गैरवर्तनापुरता जबाबदार आहे, असे बहुमत म्हणाले. त्यानंतर अपील न्यायालयांत एकवाक्यता राहिली नाही. २०११ मध्ये पश्चिमेकडील न्यायालयाने तुरुंगातील हल्ल्याबद्दल लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफवरील दावा चालू ठेवला. २०२० मध्ये न्यूयॉर्क येथील न्यायालयाने, वरिष्ठांसाठी निराळी कसोटी नाही, ज्याचा त्याचा दोष स्वतंत्रपणे सिद्ध करा, असे बजावले.

वरिष्ठांची बाजूही ऐकली पाहिजे. ज्याच्या हाताखाली हजारो माणसे आहेत त्याला प्रत्येकाच्या अपराधाची शिक्षा देणे न्याय्य नाही. तसे केल्यास शहाणा माणूस जबाबदारीची जागा घेणारच नाही. हे आम्हांस मान्य आहे. पण माहीत नसणे वेगळे आणि माहीत करून न घेणे वेगळे. पहिली अडचण आहे, दुसरी सोय आहे.

लॉस एंजेलिसच्या दाव्यात कशाने काम केले ते पाहण्यासारखे आहे. तुरुंगातील दुरवस्थेविषयी शेरीफकडे पूर्वीच अहवाल गेले होते, असे दाव्यात एकेक प्रसंग देऊन मांडले होते. आमची स्वतःची एक चूक येथे कबूल करतो. एका कारखान्यात (नाव घेत नाही) एका सुपरवायझरच्या वागण्याविषयी कामगार भगिनींची तक्रार आम्ही मॅनेजरच्या कानावर तीनदा घातली. तिन्ही वेळा तोंडी. चौकशीत ते शांतपणे म्हणाले, "माझ्यापर्यंत कोणी आलेच नाही." आमच्यापाशी कागदाचा कपटा नव्हता. सुपरवायझरची बदली झाली, मॅनेजर होते तेथेच राहिले, आणि दोघी बहिणींनी नोकरी सोडली.

त्या दिवसापासून आमच्या युनियनमध्ये नियम आहे: तक्रार लेखी, दोन प्रतींत, तारखेसह, आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचे नाही. देश कोणताही असो, "साहेबांना माहीत होते काय?" हा प्रश्न निघाला की उत्तर त्या पोचेवरच्या सहीने दिले पाहिजे.