हार्लेम : कला वस्तीची, जमीन कुणाची?

दलित साहित्याच्या वाचकाला हार्लेम हे नाव परके नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्याच सुमारास काळ्यांच्या साहित्याची चर्चा आपल्याकडे सुरू झाली आणि लँग्स्टन ह्यूजचे नाव आपल्या चर्चासत्रांतून ऐकू येऊ लागले. परंतु ह्यूज ज्या वस्तीत राहिला, तिच्यातल्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. आज ही वस्ती कलेचा परिसर म्हणून मिरवली जाते. रस्ते उजळले आहेत, दुकाने आली आहेत, पडक्या घरांना रंग चढला आहे. याला तेथे पुनरुज्जीवन म्हणतात. हे पुनरुज्जीवन कुणाचे, हे समजून घ्यायचे तर हार्लेमच्या कलेबरोबर तिथल्या घरभाड्याचाही इतिहास पाहिला पाहिजे.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागातले हार्लेम मुळात गोऱ्या मध्यमवर्गासाठी बांधले गेले. १९०४ साली तेथे भुयारी रेल्वे पोचली. ती येणार या आशेने बांधकाम व्यावसायिकांनी गरजेपेक्षा अधिक घरे उभारली आणि ती रिकामी राहिली. ती भरण्यासाठी काळ्या भाडेकरूंना दारे उघडली गेली. यात दयाबुद्धी नव्हती. शहरात इतरत्र काळ्या माणसाला घर मिळत नसे, म्हणून त्याच्याकडून गोऱ्यापेक्षा जास्त भाडे उकळता येत होते. दक्षिणेतल्या जुलमाला कंटाळून आलेली माणसे तेथे दाटीवाटीने राहू लागली. १९५० पर्यंत मध्य हार्लेममधील शंभरांपैकी सुमारे ९८ माणसे काळी होती.

या दाटीतूनच १९२० नंतर हार्लेमचे प्रबोधन घडले. ह्यूज, झोरा नील हर्स्टन, क्लॉड मॅके यांचे लेखन आणि ड्यूक एलिंग्टनचे संगीत याच काळातले. पण या कलेचा एक झरा थेट घरभाड्याच्या विवंचनेतून फुटला होता. महिन्याचे भाडे जमत नसले की भाडेकरू आपल्या खोलीतले सामान भिंतीला सारी, एखाद्या पियानोवादकाला बोलावी, दारात थोडे पैसे घेई आणि जेवण व दारू विकी. रात्रभर गाणे-नाचणे चाले आणि सकाळी घरमालकाचे पैसे उभे राहत. अशा मैफलींची छापील निमंत्रणपत्रे ह्यूजने जमवून ठेवली होती. म्हणजे कलेने भाडे भरले. परंतु भाडे भरून घर आपले होत नाही. त्याच काळात कॉटन क्लब नावाच्या प्रसिद्ध नृत्यगृहात रंगमंचावरचे कलावंत काळे असत आणि समोर बसायला प्रवेश मात्र गोऱ्यांनाच होता. आपल्या तमाशाकडे पाहिले तर हे चित्र अनोळखी वाटू नये. ज्याची कला डोक्यावर घ्यायची त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही रीत केवळ आपल्याच देशातली नाही.

१९३० नंतरच्या दशकात घरकर्जासाठी जे सरकारी नकाशे तयार झाले, त्यांत काळ्यांच्या वस्त्यांना लाल रंग दिला गेला. लाल रंग म्हणजे धोका, म्हणजे तेथे कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून पडझड. १९६० आणि १९७० च्या दशकांत कित्येक मालकांनी कर थकवून इमारती वाऱ्यावर सोडल्या. थकलेल्या करापोटी हार्लेममधील इमारतींचा फार मोठा वाटा महापालिकेच्या ताब्यात गेला. रिकामी घरे, आगी, मादक द्रव्यांचा व्यापार अशी दशा झाली. ही दशा तेथे टिकून राहिलेल्यांनी सोसली, आणि कलासंस्थाही त्यांनीच उभ्या केल्या. स्टुडिओ म्युझियम आणि नॅशनल ब्लॅक थिएटर १९६८ साली निघाले, डान्स थिएटर ऑफ हार्लेम १९६९ साली. वस्तीला किंमत नव्हती तेव्हा तिला अर्थ देणारे हे लोक होते.

मग किंमत आली. १९९० नंतर केंद्र सरकारच्या योजनेतून या भागात धंद्यासाठी पैसा येऊ लागला. २००१ साली माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १२५ व्या रस्त्यावर कार्यालय थाटले. २००८ साली महापालिकेने त्याच रस्त्यासाठी नवी बांधकाम नियमावली केली. तिच्यात कलेला जागा देणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाला जादा बांधकामाची सवलत होती. म्हणजे कला हा आता चटईक्षेत्र वाढवून घेण्याचा मार्ग झाला.

भाडेकरू बाहेर कसा पडतो, हे नीट समजून घ्यावे. न्यूयॉर्कमध्ये पुष्कळ जुन्या घरांच्या भाड्यावर कायद्याचे नियंत्रण आहे. परंतु १९९३ च्या कायद्याने अशी वाट करून दिली की, घर रिकामे झाले आणि भाडे महिना २००० डॉलरच्या पुढे गेले तर ते नियंत्रणातून सुटे. ही मर्यादा पुढे वाढली, पण वाट २०१९ पर्यंत उघडीच राहिली. जुना भाडेकरू जाण्यातच मालकाचा फायदा, असे गणित एकदा मांडले की दुरुस्ती लांबते, हिवाळ्यात घर तापवणारी यंत्रणा बंद पडते, नोटिसा येतात. कुणी हात धरून बाहेर काढत नाही. माणूस थकून आपणच निघतो. नवी ‘परवडणारी’ घरे बांधली जातात, पण परवडणारी कुणाला हे ठरवताना श्रीमंत उपनगरांसकट साऱ्या परिसराचे मध्यम उत्पन्न धरतात. हार्लेमच्या झाडूवाल्याला, परिचारिकेला ते गणित लागू पडत नाही. २००८ च्या सुमारास मध्य हार्लेममधील काळ्यांचे प्रमाण शंभरी साठाच्या घरात आले होते.

जे राहिले त्यांच्या कलेचे काय झाले? मार्कस गार्वी यांच्या नावाच्या उद्यानात १९६९ पासून उन्हाळ्यातल्या शनिवारी ढोलवादक जमत. शेजारी महागड्या घरांची इमारत झाली. तेथे राहायला आलेल्यांनी आवाजाची तक्रार केली आणि ढोलवाल्यांना उद्यानातच दुसरीकडे सरकावे लागले. हार्लेमच्या संगीताच्या कीर्तीवर ती घरे महाग झाली, आणि ते संगीत खिडकीखाली वाजू लागताच गोंगाट ठरले. १९३९ साली सुरू झालेले लेनॉक्स लाउंज हे जॅझचे घर २०१२ च्या अखेरीस वाढीव भाड्यापायी बंद झाले. ह्यूज ज्या घरात शेवटची वीस वर्षे राहिला, त्याला वारसावास्तूचा दर्जा आहे. तेथे लेखकांच्या एका संस्थेने २०१६ पासून कवितेचे उपक्रम चालवले. २०१९ अखेर भाडेकरार संपला आणि उपक्रमही थांबले. दर्जाने भिंती वाचल्या, त्या भिंतींआडचे जगणे वाचले नाही.

याच्या उलट उदाहरणेही तेथेच आहेत. नॅशनल ब्लॅक थिएटरच्या संस्थापिका बार्बरा अ‍ॅन टीअर यांनी १९८३ साली, जमिनीला भाव नव्हता तेव्हा, आपल्या नाट्यगृहाची इमारत विकत घेतली. ती संस्था आजही हार्लेममध्ये आहे. स्टुडिओ म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच जुन्या जागी नव्या इमारतीत उघडले. १९७८ पासून एका योजनेत महापालिकेने ताब्यातल्या इमारती भाडेकरूंच्या सहकारी संस्थांना दिल्या. घरटी २५० डॉलर भरून भाडेकरू मालक झाले. त्यांतली कित्येक कुटुंबे पुनरुज्जीवनाच्या लाटेतही पाय रोवून राहिली. टिकली ती ज्यांच्या हाती छप्पर होते ती माणसे.

हे सारे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण वरळीत आहे. वरळीच्या बी.डी.डी. चाळी हे पँथरच्या चळवळीचे एक केंद्र होते. जानेवारी १९७४ ची दंगल तिथेच झाली. त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी आता ५०० चौरस फुटांची मालकीची घरे होत आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांना मिळाल्या. हार्लेमच्या भाडेकरूला जे क्वचितच मिळाले ते येथे मिळत आहे, याचे स्वागत केले पाहिजे. परंतु मालकी एकेका घराची झाली; चाळीच्या पटांगणाचे काय? जयंतीची मिरवणूक, गायन पार्टीची तालीम, वाचनालय, बुद्धविहार हे कुणा एकाच्या घरात मावणारे नाही. त्याची जागा नकाशात कुठे आहे, तिचा ताबा कुणाकडे राहणार, ढोल वाजला तर तक्रार कुणाची चालणार, हे सोसायटीच्या पहिल्याच सभेत कागदावर आले पाहिजे. आणि घर विकण्याचा मोह पुढच्या पिढीला होईल तेव्हा देखभालीचा खर्च कसा पेलायचा, याचा हिशेब आजच मांडला पाहिजे.

हार्लेमची कविता आपण आपली मानली. आता हार्लेमच्या भाडेकरूचा अनुभवही आपला मानू या. तो त्याने फार महागात विकत घेतला आहे.