माळ्यावरचा कॅसिओ

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून काय काय निघतं, ते तुम्हाला सांगायला नकोच! आमच्याकडे यंदा जुन्या चादरीत गुंडाळलेला कॅसिओ निघाला. मुलाच्या मुंजीत आलेला. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, हा बिचारा वर पडून राहिला. तुमच्याकडेही असा एखादा असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा.

आधी सेलचं झाकण उघडा. आत विसरलेले सेल पाझरून स्प्रिंगांवर थर चढतो. अल्कलाइन सेलचा पांढरा थर असेल, तर हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब व्हिनेगर घेऊन पुसा. पूर्ण कोरडं झालं की मगच नवे सेल घाला. पट्ट्यांना घट्ट पिळलेलं फडकं पुरे.

आणि गंमत ऐका. जपानच्या कॅसिओ कंपनीने पहिला कीबोर्ड काढला १९८० साली. त्याच वर्षी हिरोको ओकुदा ही संगीत शिकलेली तरुणी तिथे नोकरीला लागली. १९८१ च्या एमटी-४० मध्ये तिने भरलेला एक तयार ठेका १९८५ साली जमैकाच्या वेन स्मिथच्या गाण्यात वाजला, आणि तिकडच्या संगीताचं वळणच बदललं!

लग्नाआधी मी पेटी शिकत होते. सासरी ते राहूनच गेलं. परवा दुपारी भूपाचा आरोह वाजवून पाहिला. भाता नाही, त्यामुळे डाव्या हाताला चुकल्याचुकल्यासारखं होतं. पंचमावर बोट अडखळलं, तशी मी थांबले. आतून सासूबाईंचा आवाज आला, “का गं, थांबलीस का?”