नव्वद युरोंचा गेम: घ्यावा की थांबावं?

डिसेंबरात डब्लिनमध्ये चार-सव्वाचारला सूर्य मावळतो. त्यात पाऊस, त्यात वारा. ‘जा, खाली जाऊन खेळ’ हे आपल्या आई-वडिलांचं हुकमी वाक्य इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालत नाही. त्याच सुमारास ब्लॅक फ्रायडेच्या जाहिराती येतात आणि पाठोपाठ आरटीईवरचा ‘लेट लेट टॉय शो’. १९७५ पासून चालू असलेला हा कार्यक्रम बघायला अख्खा आयर्लंड पायजम्यात, पांघरुणं घेऊन टीव्हीसमोर बसतो. दुसऱ्या दिवशी घरोघरी मुलांच्या याद्या तयार. आमच्या चिरंजीवांच्या यादीत यंदा एकच ओळ होती: मारिओ कार्ट वर्ल्ड.

हा गेम निन्टेन्डोने ५ जून २०२५ ला नव्या स्विच २ सोबत आणला. युरोपसाठी जाहीर केलेली किंमत डाउनलोडला ७९.९९ युरो आणि बॉक्समधल्या कार्डाला ८९.९९ युरो. युरो आता शंभर रुपयांच्या पुढे गेलाय. म्हणजे एक गेम नऊ हजारांच्या वर. रुपयांत गुणाकार करायची सवय इतक्या वर्षांनीही जात नाही. मी ती घालवायचा प्रयत्नही सोडून दिलाय. आईला फोनवर आकडा सांगितला तर ती म्हणाली, ‘‘एवढ्यात तर सायकल येते रे!’’

पण रुपयांत गुणून निर्णय होत नाही, कारण आपण कमावतो आणि खर्च करतो ते इथे. म्हणून मी मुलाला दुसरा हिशेब घातला. जानेवारी २०२६ पासून आयर्लंडमध्ये किमान वेतन ताशी १४.१५ युरो आहे, आणि अठराच्या आतल्यांना त्याच्या ७० टक्के, म्हणजे ९.९१ युरो. दोन-तीन वर्षांनी तो कुठल्या तरी दुकानात शनिवारी कामाला लागला, तर या एका गेमसाठी त्याला नऊ तास उभं राहावं लागेल. तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘बाबा, नऊ तास काम करून दोनशे तास खेळायला मिळत असेल तर चांगलं डील आहे ना?’’

मुद्दा बिनतोड होता. तिथून आमच्या घरात गंभीर आकडेमोड सुरू झाली.

तासाला किती पडतं, हे माप बहुतेक गेमर मंडळी वापरतात. स्विचच्या प्रोफाइलमध्ये प्रत्येक गेम किती तास खेळला ते दिसतं, त्यामुळे थापा मारता येत नाहीत. आमच्याकडे २०१९ पासून जुना स्विच आहे आणि त्यावर ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’. साठ युरोंना घेतला होता. चौघांचे मिळून चारशेच्या वर तास झालेत. म्हणजे तासाला पंधरा सेंट. इथे कॉफीचा एक कप चार युरोंच्या घरात आहे, आणि तो दहा मिनिटांत संपतो.

उलट टोकाचं उदाहरणही त्याच कपाटात आहे. ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलाय. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसल्यावरही चिकाटीने पुरा केलेला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवरच आलेला. राजी नावाची मुलगी, तिचा हरवलेला भाऊ गोलू, राजस्थानी वाड्यांसारखे महाल, भिंतींवरच्या चित्रांतून उलगडणाऱ्या पुराणकथा, आणि गोष्ट सांगणारे दोघे कोण, तर दुर्गा आणि विष्णू. किंमत साधारण पंचवीस युरो आणि गेम संपला पाच-सहा तासांत. हिशेबाने हा घरातला सगळ्यांत महाग गेम. पण त्या पाच-सहा तासांत बायको शेजारी बसून होती. हिरण्यकश्यपू कोण, महिषासुर कोण, हे मुलाने आपणहून विचारलं. गणपतीच्या गोष्टींचं पुस्तक मी तीन वर्षं त्याच्या उशाशी ठेवत होतो, तेव्हा असं काही घडलं नव्हतं. तेव्हा तासांचं माप ठीक आहे, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये.

आता किमतीच्या पोटात काय असतं तेही बघण्यासारखं आहे. इथे गेमवर २३ टक्के व्हॅट लागतो, म्हणजे नव्वदपैकी जवळजवळ सतरा युरो थेट सरकारला. छापील पुस्तकांवर मात्र शून्य टक्के. हे घरात सांगितलं की मुलगी लगेच म्हणते, ‘‘मग मला पुस्तकंच द्या.’’ ती आमची शहाणी.

बॉक्स आणि डाउनलोड यांत दहा युरोंचा फरक आहे. डाउनलोड स्वस्त म्हणून बरेच जण तेच घेतात. माझं मत उलट आहे. ते दहा युरो तुम्ही कार्डासाठी देत नाही, गेम पुढे विकायच्या हक्कासाठी देता. आपण अप्पा बळवंत चौकात गेल्या वर्षीची पुस्तकं विकून यंदाची जुनी घेत मोठे झालो. इथे तेच काम सीईएक्सची दुकानं करतात. गेमस्टॉपने २०२४ मध्ये आयर्लंडमधली सगळी दुकानं बंद केली, त्यामुळे गावाच्या मुख्य रस्त्यावर जुने गेम घेणारे-देणारे कमी झालेत. पण निन्टेन्डोच्या मोठ्या गेमची किंमत फारशी उतरत नाही, आणि जुन्या कार्डालाही बऱ्यापैकी पैसे येतात. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. निन्टेन्डोने २०२५ मध्ये व्हर्च्युअल गेम कार्डाची सोय आणली, पण त्यातही फक्त आपल्या फॅमिली ग्रुपमध्ये दोन आठवड्यांसाठी उसना देता येतो. शेजारच्या मित्राला नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. स्विच २ च्या काही बॉक्सवर खाली ‘गेम-की कार्ड’ असं छापलेलं असतं. त्या कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली असते आणि गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. कार्ड विकता येतं, पण उद्या सर्व्हर बंद झाला तर किल्ली आहे आणि कुलूप नाही, अशी गत. ही भीती काल्पनिक नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा रेसिंग गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केल्यावर पैसे मोजलेल्या लोकांनाही खेळता येईना. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपभरातून दहा लाखांवर सह्या जमल्या.

परत करायचं म्हटलं तर? इथे ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते हे आपण सगळे जाणतो. डाउनलोडला ती सवलत बहुधा नसते, कारण खरेदी करताना आपण ‘लगेच डाउनलोड सुरू करा’ म्हणून तो हक्क सोडतो. सदोष निघाला तर गोष्ट वेगळी. २०२२ च्या कंझ्युमर राइट्स ॲक्टमध्ये डिजिटल वस्तूही येतात. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी स्टीमचा नियम मला सगळ्यांत सरळ वाटतो: घेतल्यापासून चौदा दिवस आणि खेळ दोन तासांच्या आत, तर पैसे परत. दोन तासांत पोराला गेम भावला की नाही ते कळतंच.

फुटबॉलवेड्या घरांसाठी एक ओळ. दर सप्टेंबरात येणारा ईए स्पोर्ट्स एफसी हा गेम बॉक्सवर वय ३ पासून चालेल म्हणतो, पण आत खेळाडूंची पाकिटं विकली जातात आणि आत कोण निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं. आयर्लंडमध्ये तशी बंदी नाही. तेव्हा बॉक्सवरचा वयाचा आकडा बघून थांबू नका, त्याखाली ‘इन-गेम परचेसेस’ लिहिलंय का ते वाचा, आणि कन्सोलला स्वतःचं कार्ड जोडून ठेवू नका.

आमच्याकडची खरी अडचण पुढे आली. मारिओ कार्ट वर्ल्ड जुन्या स्विचवर चालतच नाही. म्हणजे प्रश्न नव्वद युरोंचा नव्हताच. कन्सोल ४६९.९९, गेमसकट संच ५०९.९९. गंमत बघा, संचात तोच गेम चाळीस युरोंना पडतो. ज्यांना कन्सोल घ्यायचाच आहे त्यांना तो संच मिळाला तर प्रश्न सुटला. आमच्यासारख्यांना मात्र चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर ऑनलाइन खेळायचं तर वर्षाची वर्गणी.

मी ‘नाही’ म्हणायला मोकळा होतो. पण मुलगा यंदा सेकंडरीच्या पहिल्या वर्षात गेलाय. नवी शाळा, नवी मुलं. सोमवारी डब्याच्या सुट्टीत ज्या गोष्टी चालतात त्यांत त्याला भाग घेता येत नाही, हे त्याने एकदाच आणि हळू आवाजात सांगितलं. एका वर्गात एकट्या पडलेल्या मुलासाठी पाचशे युरो जास्त की कमी, याचं उत्तर तासाच्या हिशेबात मिळत नाही. बायको म्हणाली, ‘‘कन्सोल घेऊन मित्र मिळतात का? आधी मित्रांना घरी बोलाव.’’ बोलावलं. तीन मुलं आली. जुन्या स्विचवर, जुन्या मारिओ कार्टवर, चौघं सोफ्यावर दाटीवाटीने बसून तीन तास ओरडत होती. बटाटेवडे संपले. एकानेही नव्या गेमचं नाव काढलं नाही. दोन आठवड्यांनी त्यांपैकी एकाकडे याला बोलावणं आलं. तिकडे नवा गेम आहे. आल्यावर म्हणाला, ‘‘मस्त आहे. सगळा एकच मोठा नकाशा आहे, कुठेही गाडी घेऊन फिरता येतं. पण चौघांना मजा सारखीच येते.’’

दुसरी गोष्ट नाशिकच्या मामेभावाची. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकला जात नाही, त्यामुळे मारिओ कार्टमध्ये त्याला गाठणं कठीणच. माइनक्राफ्ट मात्र याच्या स्विचवर आणि त्याच्या मोबाइलवर एकत्र चालतं. दोघं मिळून गेले सहा महिने एक किल्ला बांधतायत. रायगड म्हणे. मला तो रायगड कुठल्याच बाजूने वाटत नाही, पण टकमक टोक आहे. हेडफोन लावून चिरंजीव खोलीतून ओरडतात, ‘‘अरे थांब, क्रीपर आलाय मागून! पळ, पळ ना!’’ घरात आम्ही मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देणारा हाच मुलगा. माइनक्राफ्टला तेव्हा किती पैसे दिले ते मला आठवतही नाही.

तर सध्या ठरलंय ते असं. यंदा नवा कन्सोल नाही. वाढदिवसाचे आणि काका-मामांनी दिलेले मिळून त्याच्याकडे दोनशे दहा युरो साठलेत. जुना स्विच आणि त्यावरचे तीन गेम सीईएक्सला दिल्यावर किती येतात ते तो येत्या सुट्टीत विचारून येणार आहे. तिन्ही गेम बॉक्सवाले आहेत, म्हणून हे शक्य आहे. ‘राजी’ डाउनलोड आहे, ती खात्यातच राहील. जुने गेम बहुतेक नव्या स्विचवर चालतात. उरलेल्यातले निम्मे आम्ही घालू, पण उन्हाळ्यात, आणि संच परत कुठे मिळाला तर. त्याने हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय, खाली माझी सही घेऊन.

शनिवारी सकाळी नऊला त्याला नाशिकशी जोडायचंय, तिकडे अडीच वाजलेले असतात. मामीने निरोप दिलाय की आधी जेवण होऊ दे, मग किल्ला.