डायपर गळतो तेव्हा…

लग्नाला निघायची घाई आहे. बाळाला नवं झबलं घातलंय, रिक्षा दारात उभी आहे. आजी बाळाला उचलतात आणि त्यांच्या हाताला ओलं लागतं. डायपर तर आत्ताच बदललेला. तरी शी पाठीवरून पार मानेपर्यंत गेलेली! मग धावपळ, पाणी, दुसरे कपडे आणि ‘कसला हा डायपर’ म्हणून चिडचिड. तान्हं बाळ असलेल्या घरात हा प्रसंग कधी ना कधी येतोच. बहुतेक वेळा दोष ना बाळाचा असतो, ना आईचा. मात्र कधीकधी हीच गळती आजाराची पहिली सूचना असते. ती ओळखता यायला हवी.

डायपरच्या आत एका रसायनाचे बारीक कण असतात. ते पाणी शोषून फुगतात आणि त्याची जेली होते. त्यामुळे लघवी आत धरून ठेवायला डायपर चांगला. शीचं तसं नाही. आईच्या दुधावरच्या बाळाची शी पिवळी, पातळ, दाणेदार असते. तिच्यातलं पाणी शोषलं जातं, बाकीचा भाग तसाच राहतो. बाळ जोर करतं किंवा मांडीवर बसलेलं असतं तेव्हा ती दाबली जाते आणि वाट मिळेल तिथून, बहुधा पाठीकडून, बाहेर येते. दूध पिताना किंवा प्यायल्यावर लगेच शी होणं हेही स्वाभाविक आहे, कारण पोट भरलं की आतड्यांची हालचाल वाढते. दीड-दोन महिन्यांनंतर अंगावर पिणारी काही बाळं तीन-चार दिवसांनी एकदाच शी करतात. मग त्या दिवशी कोणताही डायपर अपुराच पडतो.

आधी काय पाहावं?

पहिली गोष्ट म्हणजे माप. पाकिटावरचं वजन हा फक्त अंदाज असतो. मांड्यांवर लाल वळ उठत असतील, चिकटपट्ट्या ओढून लावाव्या लागत असतील किंवा शी वारंवार पाठीकडून येत असेल, तर पुढचं माप घ्यावं. उलट मांडीशी फट राहत असेल, तर माप मोठं आहे. पोटाशी दोन बोटं सहज जातील इतकाच डायपर सैल असावा.

दुसरी गोष्ट मांडीजवळची झालर. डायपर लावल्यावर ती आत दुमडलेली राहते आणि नेमकी तिथूनच गळती होते. दोन्ही बाजूंनी बोट फिरवून ती बाहेर काढावी. डायपरची मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित वर असावी. मुलगा असेल तर त्याची शिश्नाची दिशा खाली ठेवावी, नाहीतर लघवी पोटाकडून बाहेर येते. नाळ पडेपर्यंत पुढची कड नाळेखाली दुमडावी.

तिसरी गोष्ट वेळ. दिवसा दर दोन-तीन तासांनी डायपर पाहावा आणि शी झाली की लगेच बदलावा. ‘अजून भरला नाही’ म्हणून थांबलं की गळतीही होते आणि त्वचाही लाल होते.

गळलाच तर?

माखलेला कपडा डोक्यावरून काढू नये. खांद्यांवरून खाली ओढावा. शी कोमट पाण्याने धुवावी. मुलीला नेहमी पुढून मागे पुसावं. त्वचा घासू नये, टिपून कोरडी करावी आणि थोडा वेळ उघडी ठेवावी. लाली असेल तर झिंक ऑक्साइडचं मलम लावावं. पावडर टाळावी, कारण तिचे कण श्वासातून आत जातात. दोन-तीन दिवसांत लाली गेली नाही किंवा जांघेच्या घड्यांमध्ये लालभडक चट्टे आणि बाजूला बारीक पुरळ दिसलं, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यासाठी डॉक्टरांना दाखवावं.

कपडे आधी गार पाण्यात धुवावेत, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबण लावून उन्हात वाळवावेत. डायपरमधली शी संडासात टाकून डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्यावा. तो संडासात टाकू नये.

टाकण्यापूर्वी एकदा पाहा

रोजच्यापेक्षा जास्त वेळा आणि पाण्यासारखी शी होऊन डायपर गळू लागला, तर ते जुलाब असू शकतात. ‘दात येताहेत, जुलाब होणारच’ असं समजून थांबू नये. दातांमुळे जुलाब होत नाहीत. त्या वयात बाळ दिसेल ते तोंडात घालतं आणि त्यातून जंतू पोटात जातात.

इथे डायपर फसवतोही. पातळ शीतलं पाणी जेलीत मुरतं आणि आपल्याला वाटतं, बाळाला लघवी चांगली होतेय. म्हणून जुलाबाच्या दिवसांत घरात असताना साधा सुती लंगोट बांधावा, म्हणजे लघवी आणि शी वेगळी कळते. दूध बंद करू नये, उलट जास्त वेळा पाजावं. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप ओआरएस चमच्याने द्यावं. झिंक डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावं; सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यानंतर २० मिलिग्रॅम, असं ते १० ते १४ दिवस देतात. जुलाब थांबवणारं औषध मनाने देऊ नये.

सहा तासांत लघवी नाही, टाळू खोल गेली आहे, तोंड कोरडं पडलंय, रडताना अश्रू येत नाहीत, बाळ मलूल आहे किंवा दूध ओढत नाही, अशी लक्षणं दिसल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा. शीत रक्त दिसलं किंवा शी पांढरट, खडूसारखी झाली तरीही तेच. बाळ तीन महिन्यांहून लहान असेल, तर पहिल्याच जुलाबाला डॉक्टरांना दाखवावं.

माखलेले कपडे धुऊन निघतात, लग्नाला थोडा उशीर झाला तरी चालतं. डायपर गुंडाळण्याआधी मात्र एक नजर टाकावी. बाळाला बोलता येत नाही. त्याच्या तब्येतीचं बरंचसं तिथेच कळतं.