सोमवारची निळी गोळी

अकोट तालुक्यातल्या शाळांत आरोग्य तपासणीला गेलो, की एक तक्रार हमखास कानावर येते. "पोरगी पाटीवरची पेन्सिल खाते जी. मारून पाह्यलं, तरी खाते." आई रागावलेली, मुलगी मान खाली घालून उभी. मी तिची खालची पापणी ओढून पाहतो. आत लाली हवी, ती बरेचदा फिकी निघते. पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे ही खोड नव्हे. अंगात लोह कमी असल्याची ती खूण असू शकते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना आणि ३१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. मुलगेही यात आहेत, हे आपण विसरतो. या वयात अंग झपाट्याने वाढते, मुलींना पाळी येते, पोटात जंत असले तर तेही रक्त पितात. त्यात कापूस वेचणीच्या दिवसांत पोर नुसत्या चहावर शेतात जाते.

म्हणून शाळेत आठवड्यातून एकदा, बहुधा सोमवारी, लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी देतात. जंताची गोळी वेगळी. ही निळी गोळी अनेक घरांत खिडकीतून बाहेर जाते! उपाशीपोटी घेतली तर मळमळते, शौचाला काळे होते, मग "पुढे मूल होत नाही" अशी आवई उठते. काळा रंग लोहाचाच, त्यात भिण्यासारखे काही नाही. मूल न होण्याशी या गोळीचा काडीचाही संबंध नाही. शाळेतली खिचडी खाऊन मग गोळी घ्यावी, वर तासभर चहा नको. चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, पेरू, आवळा ते लागू देतात.

मात्र आठवड्याची एक गोळी म्हणजे उपचार नव्हे. बारा वर्षांवरच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर दवाखान्यात नेऊन रोजचे औषध विचारावे. आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे. त्या मुलांना लोह डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. नात्यात कोणाला तो आजार असेल, तर पुढे सोयरीक अडेल म्हणून लपवू नका. तपासणीच्या दिवशी तेवढे आम्हाला सांगा.