घट्ट चिकटलेलं मूत्रपिंड

मुतखडा अहिल्यानगर जिल्ह्याला नवा नाही. कुणी कुळथाचं कढण घेतं, कुणी पानफुटीची पानं चावतं, कुणी एखाद्या गावचं झाडपाल्याचं औषध आणतं. चार-आठ दिवसांत कुशीतली कळ थांबते आणि खडा पडला असं घरात सगळे धरून चालतात. पडलेला खडा मात्र कुणी पाहिलेला नसतो. लघवीची वाट अडली की मूत्रपिंड फुगतं आणि त्या ताणाने कळ येते. वाट तशीच अडून राहिली, तर हळूहळू मूत्रपिंड लघवी तयार करणंच कमी करतं. ताण उतरतो, कळही उतरते. माणसाला बरं वाटू लागतं, तेव्हा आत मूत्रपिंड मरत असतं.

अहिल्यानगरहून मनमाड रस्त्याने निघालं की नागापूर लागतं. एमआयडीसीमुळे इथं गाव आणि कारखाने एकमेकांत मिसळून गेले आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली पाळी करणाऱ्याच्या अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं. लघवी घट्ट होते आणि खडा धरायला तेवढं पुरतं. बायकांचं दुखणं आणखी वेगळं. कामाच्या जागी धड स्वच्छतागृह नसलं की त्या पाणीच कमी पितात आणि आलेली लघवी तासन्‌तास धरून ठेवतात. खुरपणीला जाणारी, ऊस तोडणारी, पॅकिंगला बसणारी, सगळ्यांची हीच तऱ्हा. या आजारावर लिहिताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही, कारण जुनाट जंतुसंसर्गाने सडलेल्या मूत्रपिंडाची सुरुवात अशीही झालेली असू शकते.

अडलेल्या लघवीत जंतू वाढतात, पू होतो. काही वेळा सगळं मूत्रपिंड पुवाची पिशवी बनतं. याला डॉक्टर पायोनेफ्रोसिस म्हणतात. दुसरा प्रकार अधिक फसवा. त्याचं लांबलचक नाव झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस. मोठा, फांद्या फुटलेला खडा वर्षानुवर्षं आत राहिलेला असतो आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी चरबीने भरून तिथंच साचतात. मूत्रपिंडात पिवळट गोळे तयार होतात. सीटी स्कॅनमध्ये असं मूत्रपिंड अस्वलाच्या पंजासारखं दिसतं आणि कधी कधी कर्करोग असल्याचाच भास होतो. मध्यमवयीन बायकांत हा आजार जास्त आढळतो. बारीक ताप, घटणारं वजन, पांढरी पडलेली कांती, कमरेत बोथट दुखणं अशी त्याची लक्षणं.

तिसरा प्रकार क्षयाचा. फुप्फुसातून रक्तावाटे आलेले क्षयाचे जंतू मूत्रपिंडात अनेक वर्षं निपचित पडून राहू शकतात. लघवीत पू सापडतो, पण नेहमीच्या कल्चर तपासणीत जंतू उगवत नाहीत. असा रिपोर्ट हाती आला की क्षयाची शंका घेतलीच पाहिजे. ती न घेता प्रतिजैविकांच्या गोळ्या बदलत राहिलं, तर मूत्रवाहिनी आकसते, मूत्राशयही आकसतं आणि मूत्रपिंड निकामी होतं.

निकामी झालेलं प्रत्येक मूत्रपिंड काढावं लागतंच असं नाही. ते वारंवार पू धरत असेल, दुखत असेल, ताप आणत असेल किंवा त्याच्यामुळे रक्तदाब चढत असेल, तर काढण्याचा विचार होतो. डीटीपीए किंवा डीएमएसए स्कॅनमधून दोन्ही बाजूंच्या कामाचा वाटा कळतो. आजारी बाजूचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या खाली गेला आणि दुसरी बाजू ठणठणीत असली, तर निर्णय सोपा होतो.

मूत्रपिंड ठरवून काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये 1869 साली गुस्ताव सिमॉन यांनी केली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ मोठा छेद घेणं हाच मार्ग होता. स्नायू कापायचे, कधी बरगडीचा तुकडाही काढायचा. अमेरिकेत सेंट लुईसला राल्फ क्लेमन यांनी 25 जून 1990 रोजी दुर्बिणीने पहिलं मूत्रपिंड काढलं. रुग्ण 85 वर्षांच्या बाई होत्या आणि शस्त्रक्रियेला सात तासांच्या आसपास वेळ लागला. त्याच वर्षी मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढून भारतात या विद्येची वाट मोकळी केली.

मूत्रपिंडासाठी मात्र मुंबईनेच जगाला एक मोलाची गोष्ट दिली, आणि ती मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी. मूत्रपिंड पोटाच्या पिशवीत नसतं. ते तिच्या मागे, पाठीच्या बाजूला असतं. पाठीमागून थेट तिथं पोचलं तर आतड्यांना धक्का लागत नाही, हे सर्जनांना कळत होतं. पण तिथं मोकळी जागाच नाही. नुसता वायू भरून चरबी नीट बाजूला होत नव्हती. बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. दुर्गादास गौर यांनी शस्त्रक्रियेचा रबरी हातमोजा रबरी नळीवर बांधला, नळीला रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा पंप जोडला, हा फुगा लहानशा छेदातून आत घातला आणि फुगवला. चरबी सरकली, दुर्बिणीला जागा झाली. 1992 साली त्यांनी हे तंत्र प्रसिद्ध केलं आणि पुढे ते जगभर गेलं. कुठल्याही रुग्णालयात सापडणाऱ्या वस्तूंतून हे काम उभं राहिलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता अवघड भाग. निरोगी दात्याचं मूत्रपिंड काढताना चरबीचे पदर अलगद सुटतात. जुनाट दाहाने ग्रासलेलं मूत्रपिंड असं सुटत नाही. भोवतालची चरबी कडक झालेली असते. मूत्रपिंड उजवीकडे लहान आतड्याच्या सुरुवातीला आणि मोठ्या शिरेला, डावीकडे प्लीहेला आणि स्वादुपिंडाच्या टोकाला, मागे कमरेच्या स्नायूला चिकटलेलं असतं. रक्तवाहिन्यांचा देठ व्रणात गाडला गेलेला असतो. पूर्ण भूल देऊन रुग्णाला कुशीवर झोपवतात. तीन-चार छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारं आत जातात. कार्बन डायऑक्साइडने जागा फुगवलेली असते. आधी धमनीला क्लिपा लावून ती कापायची, मग शीर, हा नेहमीचा क्रम. देठ वेगळाच करता येत नसेल, तर काही सर्जन स्टेपलरने तो एकत्र बंद करतात. बाहेरचं आवरण सुटतच नसेल, तर मूत्रपिंड त्याच्या कवचाच्या आतून सोलून काढतात. सुटलेलं मूत्रपिंड पिशवीत घालून बाहेर काढतात, म्हणजे पू किंवा क्षयाचे जंतू पोटात सांडत नाहीत.

पुष्कळ काळ अशा मूत्रपिंडांना दुर्बीण लावूच नये असं मत होतं. दिल्लीच्या एम्समधल्या सर्जनांनी क्षयाने निकामी झालेली मूत्रपिंडं दुर्बिणीने आणि छेद घेऊन काढण्याची तुलना 2000 साली प्रसिद्ध केली, तेव्हा हे मत ढळायला हातभार लागला. तरीही अशा शस्त्रक्रियेत मध्येच दुर्बीण सोडून मोठा छेद घ्यावा लागण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. नातेवाईक याला ‘ऑपरेशन फसलं’ म्हणतात, आणि मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. आतडं फाटण्याआधी किंवा रक्तस्राव हाताबाहेर जाण्याआधी हत्यार थांबवणारा सर्जन शहाणा असतो. संमतिपत्रावर सही करण्याआधीच ही शक्यता विचारून घ्यावी. दुर्बिणीने सगळं पार पडलं, तर दुखणं कमी राहतं, रुग्ण लवकर उठून चालतो आणि थोड्या दिवसांत घरी जातो. हातावर पोट असलेल्या माणसाला यातला एकेक दिवस महत्त्वाचा.

तयारीचं महत्त्व शस्त्रक्रियेइतकंच. पू भरलेला असेल तर आधी पाठीतून बारीक नळी घालून तो काढून टाकतात. क्षय असेल तर काही आठवडे औषधं देऊन मगच टेबलावर घेतात. मधुमेह आटोक्यात आणावा लागतो. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं. शस्त्रक्रियेनंतर उरलेलं मूत्रपिंड काम वाढवून घेतं आणि माणूस नीट जगतो. फक्त रक्तदाब आणि क्रिएटिनिन नियमित तपासावं, दुकानातून वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

काढलेलं मूत्रपिंड पॅथॉलॉजीकडे जातं. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि टाके सुकले म्हणून तो कागद आणायला कुणी फिरकत नाही. पण क्षय होता की नाही, गाठ होती की नुसता दाह, याचं शेवटचं उत्तर त्या कागदावर असतं. क्षय निघाला तर पुढे निदान सहा महिन्यांचा औषधोपचार पूर्ण करावा लागतो. तो कागद आणून डॉक्टरांना दाखवायचं काम घरातल्या एका माणसाने डिस्चार्जच्या दिवशीच आपल्याकडे घ्यावं.