मुंबईलाच जायचंय, पण समुद्राच्या कडेकडेने

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पुणतांब्याच्या घाटावर उभं राहिलं की पाणी पूर्वेकडे निघालेलं दिसतं. म्हणजे या गावातलं नवं जोडपं कोकणात फिरायला निघालं, तर त्यांनी नदीच्या अगदी उलट तोंड करून निघायचं आहे.

मुंबई गाठण्यासाठी कोकणाची काही गरज नाही, हे आधीच कबूल. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता सुरू झाला. शिर्डीच्या इंटरचेंजवर चढायचं आणि भिवंडीजवळ आमण्याला उतरायचं, सकाळचा चहा गावात आणि जेवण मुंबईत. पण लग्नानंतरची पहिली सहल इतक्या घाईची का असावी? तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते, आणि त्याच सुमाराला कोकणातला पाऊस संपून हवा निवळलेली असते. हाताशी सहा-सात दिवस असतील तर माझं मत असं, की जायचं कोकणातून आणि यायचं समृद्धीने.

गाडी कोणती, हा प्रश्न पुणतांब्यात विचारू नये. चांगदेवांची समाधी इथे आहे. वाघावर स्वार होऊन, हातात सापाचा चाबूक घेऊन ते ज्ञानेश्वरांच्या भेटीला गेले आणि समोरून भिंतच चालत आली, ही कथा गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. चुलतभावाची जुनी स्विफ्ट या प्रवासाला पुरते. ब्रेक, टायर आणि स्टेपनी मात्र निघण्याआधी मेकॅनिकला दाखवून घ्या. गाडी भाड्याची घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ओळखीवर भाड्याने घेतली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करते.

आता दिशा. बहुतेक लोक अलिबागपासून सुरुवात करून खाली दक्षिणेकडे उतरत जातात. मी उलट सुचवतो: आधी घाटावरून खाली दक्षिणेला जायचं, तिथे कोकणात उतरायचं आणि किनाऱ्याने वर मुंबईकडे यायचं. कारण साधं आहे. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला राहतो, म्हणजे आपल्याच बाजूला. डावीकडच्या सीटवर बसलेल्या माणसाला मध्ये काही न येता पाणी दिसतं, आणि वाटेत थांबावंसं वाटलं तर समोरची वाहनं चुकवत रस्ता ओलांडावा लागत नाही. दोघांनाही गाडी येत असेल तर ती सीट आलटून-पालटून घ्या.

या मार्गाचा दुसरा फायदा घरच्यांना पटणारा आहे. नगर-मनमाड रस्त्याची ख्याती आपल्या जिल्ह्यात वेगळी सांगायला नको. तो सोसून नगर गाठलं की दौंडमार्गे जेजुरी लागते. नव्या जोडप्याने खंडोबाच्या पाया पडायचंच असतं. नवऱ्याने नवरीला उचलून काही पायऱ्या चढायच्या, ही तिथली रीत. जागरण-गोंधळ घरी झाला, दर्शनही झालं, मग पुढे कुठे चालला हे कोणी खोदून विचारत नाही. जेजुरीहून नीरा, लोणंद, सातारा करत कऱ्हाडला मुक्काम करा. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि एकत्र होऊन काटकोनात वळतात. त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. संध्याकाळी कऱ्हाडची माणसं तिथे हवा खायला येतात. दिवसभर गाडी चालवून आलेल्यांना एवढं पुरेसं आहे.

दुसऱ्या दिवशी पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून गुहागर. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात आणि नेमके शेवटच्या वळणांवर दगा देतात. न्यूट्रलवर तर अजिबात नको.

गुहागरपासून पुढे हिशोब बदलतो. किनाऱ्याने मांडव्यापर्यंतचं अंतर अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. आपल्याकडच्या मापाने पाच तास. इथे तीन दिवस धरा. रस्ते अरुंद, वळणांचे, आमराया आणि वाड्यांमधून जाणारे, आणि मध्ये खाड्या. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग अनेक वर्षांपासून कागदावर आणि तुकड्यातुकड्याने जमिनीवर आहे. खाड्यांवरच्या पुलांची कामं हाती घेतली आहेत, पण तूर्त भिस्त फेरीबोटीवरच. गुहागरच्या बाजूला धोपावे ते दाभोळ, मग बाणकोटच्या खाडीवर वेसवी ते बागमांडला आणि पुढे दिघी ते आगरदांडा. गाडी थेट बोटीवर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं. दहा-वीस मिनिटांत पलीकडचा धक्का येतो. यातली एखादी खाडी रस्त्याने वळसा घालून ओलांडायची तर काही तास जातात. शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारून ठेवा. गाडीला बाकी कुठे घाई नाही. बोटीसाठी मात्र वेळेवर पोचायचं.

आणि समुद्राची वेळही पाहायची. देशावरच्या माणसाला भरती-ओहोटीचा अंदाज नसतो, पण तिथी माहीत असते, आणि किनाऱ्यावरचा जुना हिशोब तिथीवरच चालतो. तिथीला पाऊणने गुणा. जितके येतील तितक्या वाजता ढोबळमानाने पूर्ण भरती, दिवसातून दोनदा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी पाणी चढलेलं. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाण्याचा चढउतार कमी असतो, त्याला भांग. ज्या कालनिर्णयात लग्नाचा मुहूर्त पाहिला, त्यातच हेही बघता येतं.

याचा उपयोग काय? गुहागरच्या दक्षिणेला हेदवी आहे, दशभुज गणपतीचं. तिथे समुद्राकाठच्या खडकात एक चीर पडलेली आहे, बामणघळ. भरतीचं पाणी त्या चिरेत घुसून उंच उसळतं; ओहोटीला गेलात तर नुसता खडक बघून परताल. हरिहरेश्वरला नेमकं उलट. देवळामागची प्रदक्षिणेची वाट समुद्राच्या खडकांवरून जाते. ती फक्त ओहोटीलाच चालायची आणि तीही स्थानिकांना विचारून. लाट आली म्हणजे तिथे धरायला काही नसतं, आणि फोटोच्या नादात तिथे माणसं वाहून गेली आहेत. पुळणीवर गाडी नेण्याचा मोहही टाळा. ओल्या वाळूत चाकं रुततात, पाणी चढत येतं आणि ट्रॅक्टर मिळेपर्यंत इंजिनात खारं पाणी जातं.

दाभोळला उतरल्यावर दापोली तालुक्यात दोन रात्री राहा, असं मी आग्रहाने सांगेन. हर्णैला संध्याकाळी बोटी परतल्या की किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जवळच आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. माळकरी घरातली माणसं कोकणात जेवणाची काळजी करतात, ती नको. घरगुती खानावळीत आधी सांगितलं तर वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, घावणे, सोलकढी आणि उकडीचे मोदकही मिळतात. भाकरी मात्र तांदळाची. बाजरीची सवय असलेल्यांनी शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवावी.

हर्णैला लागून मुरुड आहे. मोबाईलच्या नकाशात हे नाव घालताना जपा, कारण दुसरं मुरुड जंजिऱ्याजवळ, रायगड जिल्ह्यात आहे. दापोलीचं मुरुड म्हणजे महर्षी कर्वे यांचं गाव. पहिली पत्नी वारल्यावर धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या विधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळ्यांच्या बाया कर्वे. नवं जोडपं मुरुडला आलं तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकलं. स्वतःच्याच घरी पाहुण्यासारखंही राहता येऊ नये, अशी ती शिक्षा होती. त्याच कर्व्यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, भारतरत्न मिळालं. आज मुरुडच्या वाड्यांमधल्या खोल्या नव्या जोडप्यांसाठीच सजवलेल्या असतात. तिथे राहणाऱ्यांनी बायांची ही गोष्ट एकमेकांना सांगायला हरकत नाही.

केळशीवरून वेळासला जा. नाना फडणवीसांचं हे गाव आता कासवांमुळे ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्रात सोडतात, तेव्हा माघ-फाल्गुनातलं लग्न असेल तरच हा योग. खाडी ओलांडली की श्रीवर्धन, पेशव्यांचं मूळ गाव, आणि पुढे दिवेआगर. दिघीची बोट घेतली की जंजिरा. राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यात जाता येतं. पावसाळ्यात तो बंद असतो. काशीद आणि अलिबागला शनिवार-रविवारी अर्धी मुंबई उतरलेली असते, म्हणून हा टप्पा सोमवार ते गुरुवारात बसवा. २५ ते ३१ डिसेंबर तर संपूर्ण किनाराच टाळावा.

खोली घेताना दोघांचीही मूळ ओळखपत्रं लागतात. नवरीच्या आधारवर माहेरचं नाव आणि माहेरचा पत्ता असणार. त्याने काही अडत नाही, पण उगाच प्रश्न नकोत म्हणून लग्नपत्रिकेचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. घाटात आणि खाड्यांच्या काठी रेंज जाते. घरी फोन करायची वेळ आधीच सांगून ठेवा, नाहीतर "कुठवर पोचले रे?" विचारायला आई, मामा आणि मेहुणा तिघेही एकाच वेळी फोन लावतील.

मांडव्याहून मुंबईला रो-रो बोट जाते, गाडीसकट. ही सेवा २०२० पासून आहे. जागा आधी आरक्षित करावी लागते. साधारण तासाभरात भाऊचा धक्का येतो. एकेकाळी हर्णै, दाभोळ, जयगडची माणसं आगबोटीतून याच धक्क्यावर उतरत आणि गिरणगावात बिऱ्हाड करत. महानगरात शिरायची याहून देखणी वाट माझ्या माहितीत नाही. पनवेलच्या बाजूने आलात तर अटल सेतू आहे, १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला, २१.८ किलोमीटरचा, पैकी साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. पण त्यावर थांबता येत नाही. बोटीवर कठड्याशी उभं राहता येतं.

मुंबईत गाडी हॉटेलच्या आवारात लावून विसरून जा. लोकल, बेस्ट आणि कुलाब्याकडून आरेकडे जाणारी भुयारी मेट्रो पुरेशी आहे. कोस्टल रोड आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू यांच्यासाठी एका रात्री गाडी बाहेर काढली तर चालेल. बुलेटवर निघालेल्या जोडप्यांनी एक लक्षात ठेवावं: फेरीबोटीत दुचाकी चालते, पण अटल सेतू, सागरी सेतू, कोस्टल रोड आणि समृद्धी या चारही ठिकाणी बंदी आहे. त्यांना परतीला कसारा घाटानेच यावं लागेल.

बाकीच्यांनी आमण्याहून समृद्धी धरावा. इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यातून बाहेर पडलं की ओली हवा मागे राहते. सपाट रस्त्यावर ताशी १२० ची मर्यादा आहे, घाटात १००. कोकणात तीन-चार दिवस तिसऱ्या गिअरमध्ये घालवलेल्या माणसाचा पाय इथे जास्तच दाबला जातो, तेव्हा सांभाळा. शिर्डीला उतरल्यावर गाडी आधी सासरी न्यायची की माहेरी, हे मात्र बोगद्यातच ठरवून घ्या. इंटरचेंजवर थांबून बोलायला जागा नाही.